तुटलेल्या हाताची भरपाई मागणे योग्य आहे काय?

यंत्रावर काम करीत असता एखाद्या मजुराचा हात तुटला किंवा त्याची बोटे गेली, तर त्याने मालकापाशी भरपाई मागावी की मुकाट्याने सोसावे, हा प्रश्न आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांपुढे वारंवार येतो. पूर्वी तो गिरणगावापुरता होता. आता तो आपल्या शिवारात आला आहे. मळणी यंत्र, कडबाकुट्टी, उसाचा चरक, आणि शहराच्या कडेला पत्रा ठोकणारी प्रेस यंत्रे ह्यांनी कष्ट हलके केले खरे. परंतु जो हात त्यांस पेंढी भरवितो तोच हात कधी कधी ती ओढून घेतात. अशा वेळी घरचे लोक गोंधळून उपदेशकाकडे येतात, आणि पुष्कळदा उपदेशकही गोंधळतो. कोणी म्हणतो, "मागणे हा लोभ आहे." कोणी म्हणतो, "क्षमा करावी हेच बरे." कोणी म्हणतो, "ज्याचे अन्न खाल्ले त्याच्यावर दावा कसा लावावा?" ही बोलणी करणारे लोक वाईट नव्हेत, त्यांच्या शंका खऱ्या आहेत. यास्तव त्या एकेक करून तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम भरपाई म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. कारण पुष्कळांची समजूत अशी की भरपाई म्हणजे हाताची किंमत. आणि देवाने दिलेल्या अवयवाची किंमत मागणे त्यांस ओंगळ वाटते. अवयवांचे दर ठरविण्याची चाल मात्र फार जुनी आहे. इंग्लंडातील केंट प्रांताचा राजा एथेलबर्ट ह्याने सुमारे सन 600 मध्ये जे कायदे केले त्यांत अंगठा तोडल्यास 20 शिलिंग, करंगळीस 11 आणि मधल्या बोटास 4 असा दंड लिहिलेला आहे. आपल्या देशात 1923 साली कामगार भरपाईचा कायदा झाला व 1 जुलै 1924 पासून तो अमलात आला. त्याच्या परिशिष्टातही तक्ता आहे: दोन्ही हात गेल्यास शेकडा 100, खांद्यापासून एक हात गेल्यास 90, मनगटापासून पंजा गेल्यास 60, अंगठा गेल्यास 30, तर्जनी गेल्यास 14, मधले बोट गेल्यास 12, आणि अनामिका किंवा करंगळी गेल्यास 7. पुढे हा कायदा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेण्यात आला व ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तथापि तक्त्याची रीत तीच राहिली आहे.

आता वाचकांनी लक्ष द्यावे की हे आकडे कशाचे आहेत. ते मांस आणि हाड ह्यांचे मोल नव्हेत. मिळविण्याचे जे सामर्थ्य मनुष्याच्या ठायी होते, त्यातील किती भाग नाहीसा झाला, हे ते सांगतात. हिशेबाची रीतही तेच दाखविते. मासिक वेतनाचे शेकडा 60 घ्यावयाचे, त्यास वयाप्रमाणे ठरविलेल्या अंकाने गुणावयाचे, आणि मग गेलेल्या सामर्थ्याच्या प्रमाणात रक्कम काढावयाची. तीस वर्षांच्या मजुरास दरमहा 12,000 रुपये मिळत असतील, तर त्याचे शेकडा 60 म्हणजे 7,200; त्या वयाचा अंक 207.98, गुणाकार 14,97,456 रुपये होतो, आणि पंजा गेल्यास त्याचे शेकडा 60, म्हणजे सुमारे 8,98,474 रुपये होतात. मनुष्य जितका तरुण तितका अंक मोठा, कारण त्याच्यापुढे कामाची वर्षे अधिक. ह्यावरून स्पष्ट होते की येथे हाताची विक्री नाही. त्या हाताने पुढे जी भाकर घरी आणली असती, तिचाच हा हिशेब आहे. हात अमोल आहे हे खरे. परंतु भाकरीचा खर्च मोजता येतो, आणि जे मोजता येते ते बुडविण्यास "अमोल" हा शब्द पुढे करणे म्हणजे शब्दाचा दुरुपयोग होय.

तक्ता हाही शेवटचा शब्द नव्हे. 1968 साली एका चित्रपटगृहात नक्षीचे काम करीत असता एक सुतार खाली पडला व त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचे म्हणणे असे की एकच हात गेला आहे, तेव्हा हे अपुरे अपंगत्व धरावे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने म्हटले की सुतारकाम एका हाताने होत नाही. यास्तव त्या मनुष्याचे सामर्थ्य त्या धंद्यापुरते पूर्णच गेले आहे. त्याच निकालात असेही ठरले की भरपाईचे देणे अपघाताच्या दिवशीच उत्पन्न होते; अधिकाऱ्याने निकाल देईपर्यंत ते थांबून राहत नाही. आमच्या मते ह्यात कायद्याबरोबर मोठे नीतितत्त्वही आहे. ज्याचे देणे आहे त्याने मागणाऱ्याची वाट पाहू नये. जखम झाली त्याच दिवशी तो ऋणी झाला.

पहिली शंका लोभाची. ह्या शंकेस आधार म्हणून लोक शुभवर्तमानातील ती गोष्ट सांगतात, की एका मनुष्याने आपल्या भावाकडून वतनाचा वाटा मिळवून देण्याची विनंती केली असता प्रभूने वाटणी करण्याचे नाकारले व लोभापासून सावध राहण्यास सांगितले. परंतु त्या मनुष्यास अधिक हवे होते. आमच्या जखमी भावास जे होते तेच गेले आहे. वाढावा मागणे आणि खड्डा भरून मागणे ह्यांत अंतर आहे. निर्गमाच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात मारामारीत जखमी झालेल्याविषयी नियम आहे, की मारणाऱ्याने त्याच्या बुडालेल्या वेळेचा मोबदला द्यावा व त्यास पुरते बरे करावे. औषधोपचार आणि बुडालेली मजुरी ही दोन्ही तेथे आहेत. जे शास्त्र देण्यास सांगते, ते घेणाऱ्यास लोभी कसे ठरवील?

त्याच अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैल मारका आहे हे धन्यास ठाऊक असून त्याने त्यास बांधून ठेवले नाही, तर धन्यावर जबाबदारी येते. उघड्या ठेवलेल्या खड्ड्याचाही नियम तेथे आहे, आणि अनुवादाच्या पुस्तकात घराच्या धाब्यास कठडा बांधण्याची आज्ञा आहे. वाचकहो, ज्या यंत्राच्या दात्यांवर झाकण नाही, ज्याच्या पट्ट्यास जाळी नाही, ते यंत्र म्हणजे आजचा मारका बैल नव्हे काय? मळणी यंत्रांपासून होणाऱ्या इजा इतक्या वाढल्या की 1983 साली धोकादायक यंत्रांविषयी निराळा कायदा करावा लागला. यंत्र जाणूनबुजून मारीत नाही, बैलही जाणूनबुजून मारीत नाही. परंतु त्याच्यापासून ज्याला लाभ होतो त्याने त्याचा धोकाही वाहावा, हे न्यायाचे बोलणे आहे.

दुसरी शंका क्षमेची, आणि ती अधिक खोल आहे. मालकाकडून भरपाई घेतली तर त्यास क्षमा केली असे कसे म्हणावे? येथे कायद्याचा इतिहास आम्हांस एक चांगली गोष्ट शिकवितो. पूर्वी इंग्लंडात जखमी मजुरास मालकाची चूक सिद्ध करावी लागे. सोबतच्या मजुराच्या चुकीने इजा झाली तर मालक मोकळा, असे वळण तेथील न्यायालयाने 1837 मध्ये घालून दिले. आणि धोका जाणूनच तू नोकरी धरलीस, असेही मजुरास ऐकविले जाई. म्हणून भरपाई मागावयाची तर मालकास दुष्ट ठरविणे भाग पडे. पुढे जर्मनीने 1884 साली अपघाताच्या विम्याचा कायदा केला, इंग्लंडाने 1897 साली भरपाईचा कायदा केला, आणि आपल्या 1923 च्या कायद्यानेही तीच वाट धरली. काम करीत असता व कामामुळे अपघात झाला एवढे पुरे. चूक कोणाची हे शोधीत बसावे लागत नाही. ह्याचा परिणाम असा झाला की आज जखमी मजूर आपल्या मालकास वाईट न म्हणता, मनात कडवटपणा न धरता, आपले देणे मागू शकतो. क्षमा ही अंतःकरणातील रागाविषयी आहे. भरपाई ही घरातील रिकाम्या डब्याविषयी आहे. एकाच मनुष्यास दोन्ही गोष्टी एकाच दिवशी करता येतात.

आणखी एक विचार आहे. मनुष्य स्वतःच्या गालावरील चपराक सोसू शकतो, कारण गाल त्याचा आहे. परंतु त्याच्या हातावर बायको, लेकरे आणि म्हातारी आई अवलंबून असतात. त्यांच्या तोंडचा घास त्यांना न विचारता सोडून देणे ही क्षमा नव्हे. ते परक्याच्या मिळकतीतून केलेले दान होय. जो एकटा आहे व ज्यास खरोखरच आपले देणे सोडावेसे वाटते, त्यास आम्ही दोष देणार नाही. मात्र असा त्याग त्याने स्वतः करावा; दुसऱ्याने, विशेषतः ज्याचे दोन्ही हात शाबूत आहेत त्याने, त्याच्यावर लादू नये.

तिसरी शंका उपकाराची. मालकाने दवाखान्याचा खर्च केला, सणाला कापड दिले, अडीअडचणीला उचल दिली. मग त्याच्यावर अर्ज कसा करावा? कृतज्ञता हा थोर गुण आहे, आणि ज्याने रात्री गाडी काढून जखमी मजुरास दवाखान्यात पोहोचविले त्याचे उपकार अवश्य मानावेत. परंतु देणे आणि दान ह्यांची सरमिसळ करू नये. देणे चुकविल्यावर जे वर दिले ते दान. देणे बुडवून दिलेले कापड हे दान नव्हे. कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार मजुराकडून आधीच लिहून घेतला तरी तो चालत नाही. गरजू मनुष्य अंगठा कशावरही उठवील हे कायदा करणाऱ्यांस ठाऊक होते.

आता सर्वांत अवघड प्रसंगाकडे येऊ, कारण तो टाळून लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समजा, मळणी यंत्राचा मालक हा मोठा कारखानदार नाही. तो त्याच गावचा, त्याच मंडळीचा सभासद आहे. त्याने कर्ज काढून यंत्र घेतले, विमा उतरविला नाही, आणि हंगामात एका भावाचा पंजा त्यात गेला. यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या साधनांवरील शेतीकामासही हा कायदा लागू आहे. म्हणजे देणे आहेच. पूर्ण भरपाई दिल्यास मालकाचे शेत जाईल. न दिल्यास मजुराचे घर बुडेल. दोघेही एकाच बाकावर बसून प्रार्थना करतात. अशा वेळी मंडळीतील वडील माणसे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पत्राचा आधार घेतात, की भावाने भावावर न्यायसभेत जाऊ नये, त्यापेक्षा अन्याय सोसावा.

आम्ही त्या वचनाचा मान राखतो. परंतु ते संपूर्ण वाचावे. तेथे अन्याय करणाऱ्यासही तितकेच कठोर शब्द आहेत, आणि भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यांत नाही काय, असा प्रश्न आहे. म्हणजे मंडळीने निवाडा करावा अशी अपेक्षा आहे. गप्प बसवावे अशी नाही. जे वचन दोघांसाठी आहे ते फक्त जखमी मनुष्यास वाचून दाखविणे हा पक्षपात होय. आमच्या मते मंडळीचा मार्ग असा असावा: देणे पूर्ण आहे हे प्रथम दोघांसमक्ष मान्य करावे, मग ते देण्यास मालकाला साह्य करावे. कोणी बैलजोडी उसनी द्यावी, कोणी बिनव्याजी रक्कम द्यावी. जी मंडळी दुबळ्या मालकाची दया करते तिने ती आपल्या पदरून करावी, जखमी माणसाच्या पदरून नव्हे. तडजोड झालीच तर ती उघड असावी व अधिकाऱ्यापुढे नोंदलेली असावी. कोपऱ्यात थोडक्या रकमेवर अंगठा घेऊन मिटविलेले प्रकरण पुढे दोघांसही जाचते. आणि ज्यांच्याकडे यंत्रे आहेत त्यांनी हंगामापूर्वीच विमा उतरवावा व दात्यांवर झाकण बसवावे. जेथे हाताची भरपाई कोणी मागत नाही तेथे झाकण महाग वाटते. जेथे ती मागितली जाते तेथे झाकण स्वस्त वाटते. ह्या दृष्टीने पाहता जो जखमी मजूर आपला हक्क मागतो तो आपल्यामागून त्या यंत्रावर उभ्या राहणाऱ्याचा हात राखतो.

येथपर्यंत आम्ही मागणाऱ्याची बाजू मांडली. आता त्याच्या कर्तव्याकडे वळतो. मागणे योग्य आहे, परंतु खोटे मागणे योग्य नाही. मजूर दारू पिऊन यंत्रावर गेला असेल, किंवा सुरक्षिततेसाठी दिलेला हुकूम त्याने मुद्दाम मोडला असेल, किंवा झाकण स्वतः हेतुपुरस्सर काढले असेल, तर मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्याखेरीज कायदा मालकावर भार टाकीत नाही. अशा वेळी साक्षीदारास पढविणे, वेतन फुगवून सांगणे, हलणारे बोट हलत नाही असे डॉक्टरास दाखविणे, ही पापे आहेत. तुटलेल्या हाताने ती पवित्र होत नाहीत. तसेच, मुकादमाच्या धाकाने झाकण काढले असेल तर तेही निर्भयपणे सांगावे. सत्य हे गरिबाचे शस्त्र आहे. त्याने ते बोथट करू नये. आणि रक्कम हाती आल्यावर ती लेकरांच्या भाकरीची आहे हे विसरू नये. ती लग्नाच्या जेवणावळीत किंवा गुत्त्यात गेली, तर हात दुसऱ्यांदा तुटला असे समजावे.

आमच्या उपदेशक बंधूंस थोडी व्यवहाराची सूचना करितो, कारण सद्भाव पुष्कळदा अज्ञानामुळे वाया जातो. अपघात होताच मालकास लेखी कळवावे. तारीख, वेळ व पाहणाऱ्यांची नावे लिहून ठेवावीत. दवाखान्याचे कागद व मजुरीचा पुरावा जपून ठेवावा. तीन दिवसांहून अधिक काळ काम बंद राहिले तर भरपाईचा प्रश्न उत्पन्न होतो. देणे एक महिन्यात चुकविले नाही तर शेकडा 12 दराने व्याज लागते, आणि सबळ कारण नसता विलंब केल्यास रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होऊ शकतो. 1923 च्या कायद्यात अर्जाची मुदत दोन वर्षांची होती. तेव्हा दिरंगाई न करणे हेच शहाणपणाचे. कंत्राटदाराने कामावर लावले असले तरी ज्याचे मूळ काम आहे त्या धन्याकडेही मागता येते. कारखान्यातील मजूर राज्य विमा योजनेत असेल तर त्याने विमा महामंडळाकडे जावे. बरा होईपर्यंत तेथे वेतनाच्या सुमारे शेकडा 90 मिळतात. स्वतःच्या शेतात इजा झालेल्या शेतकऱ्यास मालकच नसतो. त्याच्यासाठी महाराष्ट्र सरकारची गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावाची अपघात योजना आहे, व तीत एक हात किंवा एक पाय गेल्यास 1 लाख रुपयांचे साह्य ठेवले आहे. अर्ज लिहिण्यास वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे; अपंग मनुष्यास तेथे विनामूल्य साह्य मिळण्याचा हक्क 1987 च्या कायद्याने दिला आहे. अशा भावाबरोबर कचेरीत जाऊन बसणे हे उपदेशकाच्या कामाबाहेरचे आहे असे कोणी म्हणू नये.

शेवटी, जे पैशाने भरत नाही त्याविषयी. तक्त्यात अंगठ्यास 30 आणि तर्जनीस 14 लिहिले आहेत. परंतु मुलीची वेणी घालण्यास किती, पंगतीत उजव्या हाताने घास घेण्यास किती, पाहुण्यास दोन्ही हात जोडून नमस्कार करण्यास किती, हे कोठेही लिहिलेले नाही, व लिहिता येणारही नाही. येथे मालकाचे देणे संपते आणि शेजाऱ्याचे सुरू होते. उरलेल्या हाताने करता येईल असे काम त्यास शोधून द्यावे. त्याच्या शेताच्या पेरणीस आपली पाभर न्यावी. पंगतीत डाव्या हाताने जेवताना त्याच्याकडे टक लावून पाहू नये, आणि त्याला बिचारा म्हणू नये. पुष्कळदा जखमी मनुष्यास हात गेल्यापेक्षा आपण निरुपयोगी झालो हे दुःख अधिक असते, आणि त्या दुःखावर कोणतीही कचेरी हुकूम काढीत नाही.

म्हणून आमचे मत थोडक्यात असे: मागणाऱ्याने सत्याने मागावे व मनात वैर ठेवू नये, देणाऱ्याने मागण्यापूर्वी द्यावे, आणि मंडळीने जखमी भावास "सोस" असे सांगण्यापूर्वी त्याच्या ओझ्यास आपला खांदा लावला आहे की नाही, हे आधी पाहावे.